जंगलातलं गचपण राहू द्या

झाडं लावण्याची कुठलीही बातमी उघडा, पहिला आकडा झाडांचाच असतो. इतकी कोटी रोपं लावली, इतके लाख हेक्टर हिरवे केले, आणि मग पाच-दहा वर्षांनी सॅटेलाइटचे दोन फोटो शेजारी शेजारी, आधी तपकिरी होतं, आता बघा हिरवं. चांगलंच आहे, हिरवं झालं म्हणून कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. पण त्या हिरव्याच्या खाली काय चाललंय ते वरून काढलेल्या फोटोत दिसत नाही, आणि लहान गाणाऱ्या पक्ष्यांचं जगणं-मरणं बरंचसं तिथे खालीच ठरतं. माझं म्हणणं असं की जंगल राखायचे, वाढवायचे, नव्याने लावायचे जेवढे कार्यक्रम जगभर चालू आहेत, सरकारी काय नि कंपन्यांचे काय, त्यांचं यश झाडांच्या संख्येवर आणि वरच्या छत्रीच्या, म्हणजे शेंड्यांच्या पानांनी झाकलेल्या जागेच्या, टक्क्यांवर ठरवणं बंद व्हायला पाहिजे. जमिनीपासून शेंड्यापर्यंत पानं, फांद्या, जाळ्या, वठलेली खोडं, पाचोळा कुठे किती आहे, म्हणजे जंगलाची उभी रचना, ती मोजली पाहिजे आणि पैसे त्यावर दिले पाहिजेत. हे एकदा मान्य केलं की काही न आवडणाऱ्या गोष्टीही ओघाने येतात, हरणं कमी करणं, अधूनमधून झाडं तोडणं, आणि जंगलाची ‘साफसफाई’ नावाचा जो प्रकार आहे तो थांबवणं. त्या टाळून हा विषय मांडता येत नाही.

मुळात कागदावर जंगल कशाला म्हणतात ते बघा. एफएओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना, तिचा निकष असा: अर्ध्या हेक्टरपेक्षा जास्त जागा, ५ मीटरच्या वर जाणारी झाडं, आणि छत्रीचं आच्छादन १० टक्क्यांपेक्षा जास्त. झालं. यात एकाच वयाच्या निलगिरीच्या सरळ ओळी, ज्यांच्याखाली धड गवतही नाही, त्याही बसतात आणि शेकडो वर्षं कुणी हात न लावलेलं रानही बसतं. रिपोर्टच्या आत लावलेलं जंगल वेगळ्या रकान्यात दाखवतात हे खरं, पण भाषणात आणि हेडलाइनमध्ये रकाने नसतात, तिथे एकच बेरीज असते. २०११ मध्ये सुरू झालेल्या बॉन चॅलेंज नावाच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत २०३० पर्यंत ३५ कोटी हेक्टर उजाड जमीन सावरायचं टार्गेट आहे, आणि २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये काही शास्त्रज्ञांनी देशांच्या आश्वासनांचा हिशोब मांडला तेव्हा त्यातल्या ४५ टक्के जागेवर व्यापारी, एकाच जातीची लागवड होणार असं निघालं. जवळपास निम्मी. ती कापली जाणार, पुन्हा लावली जाणार, आणि मधल्या काळात आकड्यांत जंगल म्हणून मिरवणार.

पक्षी जंगल कसं वापरतात हे आधी जरा नीट बघू, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. रॉबर्ट मॅकआर्थर नावाच्या अमेरिकन इकॉलॉजिस्टचा १९५८ चा एक अभ्यास या विषयात सगळ्यांना तोंडपाठ असतो. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या स्प्रूसच्या जंगलात पाच जातींचे वॉर्बलर नावाचे छोटे पक्षी, सगळे जवळपास एकाच आकाराचे, सगळे किडे खाणारे, सगळे एकाच झाडावर. पुस्तकी नियमाप्रमाणे एकाने बाकीच्या चौघांना हुसकून लावायला हवं होतं. मॅकआर्थरने काय केलं, झाडाचे उंचीप्रमाणे आणि फांदीच्या आत-बाहेर असे कप्पे पाडले, आणि कुठला पक्षी कुठल्या कप्प्यात किती सेकंद काढतो ते घड्याळ लावून टिपत बसला. तर एक शेंड्याजवळ बाहेरच्या कोवळ्या टोकांवर, दुसरा मधल्या उंचीवर पण आत खोडाकडे, तिसरा मधल्याच उंचीवर पण बाहेरच्या बाजूला, असं निघालं. माणसाला जे एक झाड दिसतं त्यात पाच जाती वेगवेगळ्या जागा धरून होत्या.

मग १९६१ मध्ये त्याने भाऊ जॉनबरोबर पुढची पायरी गाठली आणि ती मला जास्त आवडते, कारण त्यासाठी लागलं काय तर एक फळी. एकाने ती फळी ठरावीक उंचीवर धरायची, दुसऱ्याने तिच्याकडे बघत मागे मागे चालायचं, पानांमुळे अर्धी फळी दिसेनाशी झाली की थांबायचं आणि अंतर मोजायचं. चार पावलांतच अर्धी फळी गायब झाली म्हणजे तिथे पानांची दाटी भरपूर, आणि लांबवर गेलं तरी सगळी फळी स्वच्छ दिसते म्हणजे त्या उंचीवर जंगल रिकामं. असं वेगवेगळ्या उंचींवर करत गेलं की कुठल्या थरात किती पानं याचा आलेख तयार होतो. त्यांनी तीन थर धरले, २ फुटांपर्यंतचा, २ ते २५ फुटांचा, आणि त्यावरचा. पानं या तीन थरांत जितकी सारखी वाटलेली, तितकी पक्ष्यांची विविधता जास्त, आणि गंमत म्हणजे थरांची माहिती हातात असली की वनस्पतींच्या जाती किती आहेत हे कळून अंदाजात फारशी सुधारणा होत नव्हती. या निष्कर्षावर पुढे बरीच भांडणं झाली, काही ठिकाणी तो लागू पडतो, काही ठिकाणी नाही, त्याकडे मी येईन, पण जंगलाला उंचीप्रमाणे वाचायची सवय इथून लागली.

असं का होतं ते कळायला मोठं शास्त्र लागत नाही. शिंपी पक्ष्याला रुंद पानं लागतात आणि ती माणसाच्या हाताला येतील इतक्या खाली लागतात, त्यातच तो घरटं शिवतो. सातभाईंची टोळी दिवसभर पाचोळा उलथापालथा करत फिरते, पाचोळा झाडून जाळला की त्यांचा धंदा बसला. हळद्या वरच्या पानांत, पर्णवटवटे मधल्या फांद्यांवर पानापानाची तपासणी करत. आणि कोतवालाला तर पानं नकोच असतात, त्याला एक उघडी फांदी आणि समोर मोकळी जागा हवी, किडा उडाला की झेप, परत त्याच फांदीवर. म्हणजे मोकळी जागा हाही रचनेचाच भाग आहे, सगळीकडे ठासून पानं भरली म्हणजे काम झालं असं नाही. घरट्याचंही तसंच. कमरेच्या-डोक्याच्या उंचीवर झुडपात घरटं करणाऱ्या पक्ष्याचं पिल्लू वाचायचं असेल तर साप, मांजर, कावळा यांच्या नजरेला आड पाहिजे, आणि तो आड झुडूपच देतं, वरचं पन्नास फुटी झाड देत नाही.

आता सगळ्यात ठोस पुरावा, आणि तो हरणांकडून येतो. हरीण हा प्राणी लोकांना फार आवडतो त्यामुळे हे सांगितलं की लोक नाराज होतात. पण हरणाचं तोंड पोहोचतं तिथपर्यंतचाच थर ते खातं, वरची छत्री जशीच्या तशी राहते, त्यामुळे फक्त खालचा-मधला थर काढून टाकला तर पक्ष्यांचं काय होतं याचा आयता प्रयोग हरणं करून ठेवतात. पेनसिल्व्हेनियात अमेरिकेच्या वनखात्याने कुंपणं घालून हा प्रयोग मुद्दामच केला, दर चौरस किलोमीटरला साधारण ४ हरणांपासून साधारण २५ पर्यंत वेगवेगळी संख्या ठेवून, दहा वर्षं. १९९४ मध्ये निकाल छापला. सर्वांत कमी हरणांच्या जागेशी तुलना केली तर सर्वांत जास्त हरणांच्या जागेत मधल्या थरात घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या जाती २७ टक्के कमी, आणि पक्ष्यांची संख्या ३७ टक्के कमी. आणि वर शेंड्याकडे घरटी करणारे? त्यांच्यावर म्हणावा असा परिणाम नाही. म्हणजे हवा खराब, पाऊस कमी, विष फवारलं, असलं कुठलंही कारण पुढे करायला जागाच उरली नाही, जो थर गेला त्याच थराचे पक्षी गेले.

दुसरं उदाहरण कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हैदा ग्वाई बेटांचं. तिथे हरीण मुळात नव्हतंच, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माणसांनी मांसासाठी आणून सोडलं, आणि तिथे ना लांडगा ना प्यूमा. हरणं पोहत पोहत बेटामागून बेट घेत गेली, पण काही छोट्या बेटांवर पोहोचलीच नाहीत. त्यामुळे तीन प्रकारची बेटं मिळाली, हरीण कधीच नसलेली, वीसेक वर्षांपेक्षा कमी काळ असलेली, आणि पन्नासहून जास्त वर्षं असलेली. २००५ मध्ये छापलेल्या अभ्यासात या शेवटच्या बेटांवर गाणाऱ्या पक्ष्यांची संख्या हरणं नसलेल्या बेटांपेक्षा ५५ ते ७० टक्क्यांनी कमी निघाली. वरून विमानातून बघितलं तर सगळी बेटं सारखीच हिरवीगार दिसतील, जुनी उंच झाडं सगळीकडे आहेतच की. सॅटेलाइटवर भरवसा ठेवणाऱ्यांनी हा एकच अभ्यास भिंतीवर लावावा.

इंग्लंडमधल्या नाइटिंगेलची गोष्ट याच सुरातली. ज्या पक्ष्याच्या गाण्यावर तिकडच्या कवींनी इतकं लिहून ठेवलंय त्याची संख्या गेल्या पन्नास-साठ वर्षांत ९० टक्क्यांहून जास्त घटली. आता हा पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेत जातो, त्यामुळे सगळा दोष एका जागेवर टाकता येणार नाही. पण सफोकमधल्या ब्रॅडफिल्ड वुड्समध्ये, जिथे झुडपं बुंध्यापासून कापून परत फुटू देतात, तिथे काही तुकड्यांना हरणांपासून कुंपण घातलं आणि काही उघडे ठेवले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल: कुंपणाच्या आत नाइटिंगेलच्या हद्दींची दाटी बाहेरच्या तुलनेत १५ पट. त्याच जंगलात, त्याच हवेत, आफ्रिकेतून त्याच वाटेने आलेले पक्षी, आणि मध्ये फक्त एक तारेची जाळी. नाइटिंगेलला जमिनीला टेकलेली काटेरी दाट जाळी लागते, तिच्या आत चालायला मोकळी उघडी माती लागते, आणि हे दोन्ही एकत्र फक्त कापल्यानंतरच्या ठरावीक वर्षांतच मिळतं, नंतर झाडं उंच होतात, खालचं विरळ होतं, पक्षी निघून जातो.

आणि असल्या जागेकडे माणूस कसा बघतो? केंटमधल्या लॉज हिलला सैन्याच्या जुन्या ट्रेनिंगच्या जमिनीवर झुडपं माजली होती, २०१२ च्या सर्व्हेत तिथे ८० च्या वर गाणारे नर निघाले, म्हणजे देशातल्या एकूण नाइटिंगेलपैकी एक टक्क्याहून जास्त एकाच जागी. कागदावर मात्र ती वापरून सोडलेली जमीन, तिथे ५,००० घरं बांधायचा प्लॅन. २०१३ मध्ये जागेला संरक्षण मिळालं आणि मग वर्षानुवर्षं वाद. तीच जागा उंच ओकच्या झाडांची असती तर घरं बांधायची भाषा इतक्या सहज कुणी केली असती असं मला वाटत नाही. उंच झाडाला आपण मान देतो, काटेरी झुडपाला पडीक म्हणतो. ही खोड जगभर सारखी आहे.

आता झाडं तोडण्याबद्दल. मिशिगनमधला कर्टलँड्स वॉर्बलर हा यातला सगळ्यात टोकाचा नमुना. हा जवळपास फक्त जॅक पाइनच्या कोवळ्या रानात घरटं करतो, झाडं साधारण ५ ते २० वर्षांची असेपर्यंत, आणि घरटं जमिनीवर, पाइनच्या सगळ्यात खालच्या जिवंत फांद्यांच्या आडोशाला. झाड वाढलं की खालच्या फांद्या सावलीत मरतात, गळतात, आडोसा जातो, आणि पक्षी ती जागा सोडतो. झाड धडधाकट, जंगल कायम, छत्रीचे टक्के उलट वाढलेले, आणि पक्ष्याच्या हिशोबाने जागा संपली. पूर्वी वणवे लागायचे, जॅक पाइनची शंकूफळं आगीच्या उष्णतेने उघडायची आणि नवं रान उगवायचं. माणसांनी वणवे विझवायला सुरुवात केली आणि कोवळं रान मिळेनासं झालं. १९५१ च्या मोजणीत ४३२ गाणारे नर होते, १९७४ मध्ये १६७. दरम्यान काउबर्ड नावाचा पक्षी याच्या घरट्यात अंडी घालतो म्हणून १९७२ पासून काउबर्ड पकडायला सुरुवात झाली, घसरण थांबली, पण संख्या काही वर जाईना, १९८७ मध्ये पुन्हा १६७ च. मग वाढ कशाने झाली? १९८० मध्ये मॅक लेकजवळ मुद्दाम लावलेली आग हाताबाहेर गेली, फार मोठं नुकसान झालं, एक वनकर्मचारी त्यात गेला, पण त्या जळालेल्या हजारो एकरांवर जे कोवळं रान आलं ते वयात आल्यावर संख्या भराभर वाढली. त्याला जोड म्हणून मोठी झाडं तोडून पुन्हा दाट लागवड करण्याचा कार्यक्रम चालू होताच. २०१९ मध्ये हा पक्षी धोक्यात असलेल्यांच्या यादीतून बाहेर आला, तेव्हा जोड्या दोन हजारांच्या वर होत्या. शत्रू हटवून पक्षी फक्त टिकला, वाढला तो रचना मिळाल्यावर.

इथे लाकूडवाले खूश होतात, हे मला माहितीये. बघा, तोडल्याने पक्षी वाढतात, मग तोडू द्या की. हा युक्तिवाद अर्धा खरा आहे म्हणूनच जास्त धोक्याचा आहे. कोवळं झुडोऱ्याचं रान दहा वर्षांत तयार होतं, पण दीडशे-दोनशे वर्षांच्या रानात जी पोकळ खोडं असतात, पडून कुजणारे ओंडके असतात, एका म्हाताऱ्या झाडाच्या पडण्याने तयार झालेलं भगदाड आणि त्यात वर धडपडणारी रोपं असतात, ते कुठल्याही बजेटमध्ये दहा वर्षांत करून मिळत नाही. त्यामुळे हिशोब एकाच दिशेने चालतो. जुन्या रानाला झुडोऱ्यासाठी कधीच हात लावायचा नाही. झुडोरा पाहिजे असेल तर तो एकसुरी लागवडीतून, सोडून दिलेल्या शेतातून, विजेच्या तारांखालच्या पट्ट्यांतून काढायचा, तिथे गमवायला फारसं काही नाहीच. आणि दोन्ही जवळजवळ हवेत, कारण एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: ज्यांना आपण घनदाट जंगलाचे पक्षी म्हणतो त्यांचीही पिल्लं घरटं सोडल्यावर बऱ्याचदा झुडोऱ्यात जातात. अमेरिकेत वुड थ्रशच्या आणि ओव्हनबर्डच्या पिल्लांच्या पाठीवर छोटे ट्रान्समीटर बसवून माग काढला तेव्हा ती मोठ्या रानातून निघून दाट कोवळ्या वाढीत शिरलेली सापडली, लपायला जागा आणि फळं-किडे तिथेच. म्हणजे घरटं उंच रानात मोजायचं आणि पिल्लू झुडपात हरवायचं, असा आपला कारभार.

दुसरा आक्षेप आगीचा. खालची झुडपं काढली नाहीत तर वणवा भडकतो, हे काही ठिकाणी शंभर टक्के खरं आहे. आणि तिथे पक्षीही तेच सांगतात. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या लाँगलीफ पाइनच्या रानात दर दोन-तीन वर्षांनी हलकी आग फिरायची, खाली गवत, वर विरळ पाइन, मध्ये काहीच नाही, अशीच ती रचना. तिथला बाकमन्स स्पॅरो गवतात राहतो आणि काही वर्षं आग फिरली नाही, झुडपं माजली, की निघून जातो. तिथे गचपण राहू द्या म्हणणं हा अडाणीपणा होईल. त्यामुळे ‘जास्त थर म्हणजे जास्त चांगलं’ असा एकच नियम करून जगभर लावायचा नाहीये, त्या त्या जंगलाची मुळची ठेवण काय होती ते बघायचं आहे. पण बहुतेक साफसफाई आगीच्या अभ्यासातून होत नाही हो, ती नजरेला बरं दिसावं म्हणून होते. पार्कसारखं दिसलं पाहिजे, लांबवर दिसलं पाहिजे, चालताना पायात काही येता कामा नये. यातलं एकही कारण पक्ष्याचं नाही.

आता मॅकआर्थरवरची भांडणं, कारण इथे माझ्या बाजूच्या लोकांनाही भान ठेवावं लागतं. नुसती रचना पुरत नाही. न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुकच्या जंगलात, जिथे १९६९ पासून पक्ष्यांची मोजणी चालू आहे, तिथे पिवळा बर्च किडे खाणाऱ्या पक्ष्यांना इतर झाडांपेक्षा जास्त पसंत पडतो, बीच आणि शुगर मेपलकडे ते त्या मानाने कमी जातात, उंची सारखी असली तरी. पान कुठलं, त्यावर अळ्या किती, फांदीला पानं कशी लागलेली आहेत, यावर पक्ष्याचं पोट अवलंबून आहे. वॉशिंग्टनच्या आसपासच्या बागांमध्ये कॅरोलायना चिकडीवर झालेला २०१८ चा अभ्यास आणखी स्पष्ट बोलतो, झाडोऱ्यात देशी वनस्पतींचा वाटा ७० टक्क्यांच्या खाली गेला की या पक्ष्याची संख्या स्वतःच्या जिवावर टिकत नाही. परदेशी शोभेची झुडपं लावून थर छान तयार होतो, फळीच्या चाचणीत शंभरपैकी शंभर मार्क, पण अळ्या नाहीत तर पिल्लांना भरवणार काय.

त्याहून वाईट म्हणजे सापळा. इलिनॉयमध्ये रॉबिन पक्षी बाहेरून आलेल्या हनीसकल आणि बकथॉर्नच्या झुडपांत घरटी करतात, आणि तिथे घरटी शिकाऱ्यांच्या तोंडी जाण्याचं प्रमाण देशी झुडपांपेक्षा जास्त निघालं. पक्षी दिसतात भरपूर, गातात भरपूर, मोजणीवाला खूश होऊन आकडा लिहितो, आणि पिल्लं उडतच नाहीत. म्हणून बीट्रिस व्हॅन हॉर्न यांनी १९८३ मध्येच सांगून ठेवलंय की पक्ष्यांची दाटी हा जागेच्या दर्जाचा फसवा पुरावा आहे. टणटणीच्या जाळीत बुलबुल किलबिलतात म्हणून टणटणी चांगली, असं जे लोक म्हणतात त्यांनी आधी घरट्यांचं काय झालं ते विचारावं. आणि पाचोळ्याबद्दल जाता जाता, उत्तर अमेरिकेच्या ज्या भागावर हिमयुगात बर्फ होता तिथे देशी गांडुळं नव्हतीच, युरोपातून आलेली गांडुळं तिथला जंगलातला पाचोळा फस्त करतात, आणि जिथे त्यांनी जम बसवलाय तिथे जमिनीवर पाचोळ्याचंच घरटं करणाऱ्या ओव्हनबर्डची संख्या कमी सापडली. शेतकऱ्याचा मित्र जंगलात शत्रू होतो, कुठली गोष्ट कुठे आहे याला फार महत्त्व आहे.

आणि एक अभ्यास असा आहे जो माझ्या सगळ्या मांडणीला थांबवतो. ब्राझीलमध्ये मानाउसजवळच्या ॲमेझॉनच्या जंगलात १९७९ पासून मोठा प्रकल्प चालू आहे, त्यातल्या ज्या रानाला कुणी हात लावलेला नाही, जिथे झाडोरा जागच्या जागी आहे, तिथेही जमिनीवर आणि जमिनीलगत किडे टिपणारे पक्षी काही दशकांत कमी झाल्याचं २०२१ मध्ये दिसून आलं. म्हणजे रचना शाबूत असूनही पक्षी जातात, हवामान हे त्यातलं एक संशयित कारण. हे टाळून पुढे जाणं खोटेपणाचं होईल. पण यावरून ‘मग रचनेचं काय एवढं’ असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर असं की हवामान तुमच्या-माझ्या एका निर्णयाने बदलत नाही, एखाद्या वनाधिकाऱ्याच्या सहीने तर नाहीच नाही, आणि झुडपं काढायची का ठेवायची हे मात्र त्या सहीने ठरतं.

मोजणं अवघड आहे ही सबब आता चालणार नाही. विमानातून लेझर सोडून पानांचे थर मोजायचं तंत्र, लायडार, मेरीलँडच्या पॅटक्सन्टच्या जंगलात पक्ष्यांच्या विविधतेशी पडताळून २००७ मध्येच छापून झालंय. डिसेंबर २०१८ मध्ये नासाने जेडी नावाचं लेझर यंत्र अंतराळ स्टेशनवर पाठवलं ते खास जंगलाची उभी रचना मोजायला, आणि त्याचा डेटा कुणालाही फुकट मिळतो. ज्या देशांनी कोट्यवधी रोपांची आश्वासनं दिलीत त्यांच्याकडे हा डेटा बघायला माणसं नाहीत असं कसं म्हणायचं. लेझरला पाचोळा दिसत नाही, देशी-परदेशी झाड ओळखता येत नाही, तेवढ्यासाठी कुणीतरी खाली उतरून चालायला लागेल, आणि दाट जाळीत पक्षी दिसत नाही, ऐकूच येतो, त्यामुळे कान तयार असलेला माणूस लागेल आणि न सापडलेल्यांचा हिशोबही धरावा लागेल. यात खर्च आहे, पण लागवडीच्या मूळ खर्चापुढे तो किरकोळ.

माझ्या मते पैशाची अटच बदलायला हवी. आत्ता लागवडीचा शेवटचा हप्ता किती रोपं जगली यावर सुटतो, त्यामुळे कंत्राटदार रोपाभोवतीचं सगळं उपटून टाकतो, त्याला तेच परवडतं. पहिली दोन-तीन वर्षं रोप गवतात गुदमरू नये म्हणून तेवढं करणं भाग आहे, मान्य. त्यानंतर मात्र कोयता आत जाऊ नये, आपोआप उगवलेल्या देशी रोपांना ‘तण’ म्हणून उपटलं तर पैसे कापावेत, वठलेलं झाड वाटेवर पडायचा धोका नसेल तर उभंच राहू द्यावं. आणि दहाव्या वर्षी तीन थरांत काय भरलंय, घरटी किती आणि त्यातून पिल्लं उडाली किती, हे मोजून मगच उरलेली रक्कम द्यावी. हरणं जास्त असतील तर आधी कुंपण किंवा हरणं कमी करण्याची परवानगी घ्यावी आणि मग लागवडीला हात घालावा, नाहीतर लावलेलं सगळं त्यांच्याच पोटात जातं आणि पाच वर्षांनी त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपं लावायचा नवा प्रस्ताव येतो.